पाहुण्यांसमोर माझ्या तोंडात लगाम असल्याबाबत खुलासा

मु. पो. सणसर, ता. इंदापूर
गुरुवार

आदरणीय दादासाहेब,

तुमच्या उजव्या पायावर डोकं ठेवून नमस्कार. (डाव्यावरच ठेवणार होतो, पण तो प्लास्टरमध्ये आहे, आणि प्लास्टरमधून नमस्कार आत पोचतो का, याची मला खात्री नाही. खात्री नसलेली गोष्ट मी लिहीत नाही, हे तुम्ही जाणताच.) पायाची खाज कमी झाली का? स्टँडवर लावलेल्या बुलेटवरून माणूस पडतो कसा, हे तुमच्या बावड्याच्या तीन जणांनी मला तीन तऱ्हांनी सांगितलं, आणि त्यातली एकही तऱ्हा पदार्थविज्ञानाला धरून नाही. प्रत्यक्ष भेटीत तुमच्याकडून समजून घेईन. राजेश्वरीवहिनींच्या गुडघ्यांना आराम असावा. इकडे ढोबळी मिरची बरी आहे, हरणी घोडी बरी आहे, आणि तुमची बहीण रतन तर नको तितकी बरी आहे. गेल्या रविवारपासून ती गुणगुणत भांडी घासते आहे. लग्नानंतर ती अशी गुणगुणल्याचं माझ्या आठवणीत नाही. कारण पुढे ओघात येईल.

फोन न करता पत्र का, तर माझी जीभ सुजली आहे. शिवाय मी पाठवलेले आवाजी निरोप तुम्ही दुप्पट वेगानं ऐकता, हे मला कळलं आहे. कागद दुप्पट वेगानं ऐकता येत नाही. परवा तुम्ही रतनला फोन करून विचारलंत, "पावणे नक्की झुंबररावांच्याच घरी आले हुते ना? का चुकून दुसऱ्याच घरात पोहे खाऊन गेले?" कारण मुलाच्या वडिलांनी, डाळजच्या दत्तोबांनी, तुम्हाला सांगितलं की मुलीचा बाप एक शब्द बोलला नाही. दादासाहेब, पाहुणे आमच्याच घरी आले होते. खुर्चीत बसलेला तो माणूस मीच होतो. आणि मी एक शब्द बोललो नाही, हेही अक्षरशः खरं आहे. स्थळ तुम्ही आणलंत, पाय मोडल्यामुळे ऐन दिवशी तुम्हाला येता आलं नाही, तेव्हा साद्यंत हकिकत तुम्हाला देणं माझं कर्तव्य आहे. पाहुण्यांनी काय ठरवलं ते शेवटी लिहितो. मधली पानं गाळून थेट तिथं जाऊ नये. गेलात तर मला कळेल. (कसं कळेल ते सांगत नाही.)

आधी कडियाळ्याचं समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. लोक सरसकट सगळ्यालाच लगाम म्हणतात. ते ढोबळ आहे. डोक्यावरचा पट्टा वेगळा, हातातल्या वाद्या वेगळ्या आणि घोड्याच्या तोंडात जी लोखंडी दांडी बसते ते कडियाळं. घोड्याला पुढचे दात असतात, मागं दाढा असतात, आणि मधे हिरडीचा एक मोकळा पट्टा असतो. देवानं तो कशासाठी ठेवला माहीत नाही, पण माणसानं तो बघितला आणि तिथं लोखंड घातलं. त्या लोखंडानं जिभेवर, हिरडीवर, ओठाच्या कोपऱ्यावर, टाळूवर, हनुवटीखाली आणि कानामागं असा कुठं किती दाब द्यायचा, हीच सगळी विद्या. ही मला कुणी शिकवली नाही. आमच्या आज्याकडं मेंढरांबरोबर ओझ्याची तट्टं होती, पण तो त्यांना नुसत्या शिव्यांवर चालवायचा. मी अकलूजच्या घोडेबाजारात उभा राहून, मोबाईलवर परदेशी लोकांचे हातवारे बघून (भाषा कळत नाही, पण घोड्याचं तोंड सगळीकडं सारखंच), आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या तोंडात घालून शिकलो.

होय, स्वतःच्या तोंडात. इथं कृपया हसू नये. हरणी माझ्याकडं आली तेव्हा तिच्या तोंडात काटेरी कडियाळं होतं. लग्नाच्या वरातीत नाचवायला घालतात तसलं. तिची जीभ मी बघितली आणि त्या दिवशी मला भाकर गेली नाही. ते काटेरी मी भंगारातसुद्धा दिलं नाही, कुणी उचलून परत वापरील म्हणून. पडक्या विहिरीत टाकलं आणि वर दोन धोंडे टाकले. तेव्हाच ठरवलं, जे लोखंड झुंबरच्या तोंडात गेलं नाही, ते हरणीच्या तोंडात जायचं नाही. हिवाळ्यात तर गार लोखंड आधी काखेत धरून ऊबदार करतो आणि वर गुळाचं बोट फिरवतो. गूळ लावला की हरणी आपण होऊन तोंड उघडते. (मीही.)

तर अनुभव असा. सरळ अखंड दांडी घातली की दाब सगळ्या जिभेवर सारखा पडतो. माणूस बोलू शकतो, पण दूरदर्शनच्या जुन्या बातम्यांसारखा खरखरत. मधे एक जोड असलेलं कडियाळं म्हणजे नुसता अडकित्ता. वाद्या ओढल्या की दोन्ही पाती मिटतात, जिभेची सुपारी होते आणि जोड वर टाळूला टोचतो. लोक याला सौम्य समजतात. त्या लोकांनी एकदा तोंडात घालून बघावं. दोन जोड आणि मधे चपटा मणी असलेलं मात्र जिभेवर पाळीव मांजरासारखं बसतं. ते घालून मी अर्धं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचलं, रतनला फक्त अग्रलेख कळला नाही. (तो तिला एरवीही कळत नाही असं मी म्हणालो, आणि त्या दिवशी जेवण उशिरा मिळालं.)

राहिलं लांब दांड्यांचं. गालाच्या दोन्ही बाजूंना वीतभर दांड्या खाली येतात, वाद्या त्यांच्या टोकाला, आणि हनुवटीखालून एक साखळी. ही तरफ आहे, दादासाहेब. हातपंपाचा दांडा जसा. टोकाला करंगळीनं ओढलं तरी साखळी हनुवटीखाली घट्ट बसते, दांडी हिरडीवर दाबते आणि डोक्यावरचा पट्टा कानामागं खाली खेचतो. एका बोटात तीन ठिकाणी काम. जाणत्या हातात हे अत्तर, अडाण्याच्या हातात पहार. हे मी युवराजकडून बनवून घेतलं, तो ट्रॉल्या आणि खिडक्यांचे गज बनवतो. काम मजबूत करतो, पण त्याला घोड्याचं तोंड आणि ट्रॉलीचं मागचं फाळकं यात फरक करता येत नाही. साखळीचा आकडा त्यानं असा जाड दिला की पकडीनं दाबल्याशिवाय मिटत नाही आणि पकडीनंच फाकवल्याशिवाय उघडत नाही. हा दोष मी लगेच हेरला होता. हेरला आणि तरी तोंडात घातलं, कारण दोषाची खोली मोजल्याशिवाय तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही.

आता त्या रविवारची परिस्थिती बघा. आमच्या प्रगतीचं हे तिसरं स्थळ. पहिलं का मोडलं ते तुम्हाला माहीत आहे. त्या पाहुण्यांनी ठिबकच्या नळीला भोकं किती अंतरावर असावीत याविषयी एक विधान केलं, आणि ते विधान चूक होतं. मी त्यांना वावरात नेऊन दाखवलं. ऊन होतं, मुलाच्या आईला चक्कर आली, पण अंतर मी म्हणतो तेच निघालं. दुसऱ्या स्थळाच्या मामांनी आपल्या बैलांचा शर्यतीत पहिला नंबर आल्याचं सांगितलं. मी तिथल्या तिथं मोबाईलवर शर्यतीचं चित्रण काढून सगळ्यांना दाखवलं की नंबर तिसरा होता, आणि तोही वरची एक जोडी बाद झाली म्हणून. पोहे तसेच राहिले. मला वाटतं, सत्य सांगून जे स्थळ मोडतं ते मोडलेलंच बरं. पण या खेपेला प्रगती माझ्यासमोर हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, मला अविराज पसंत हाय. कृषी महाविद्यालयात आमी एकाच वर्गात हुतो. तुमी ह्या टायमाला नुसतं बसायचं. हसायचं. पावण्यांनी सूर्य बारामतीला उगवतो आन् भिगवणला मावळतो म्हणलं तरी मान हलवायची."

मी म्हणालो, बारामती भिगवणच्या पश्चिमेला आहे, म्हणजे सूर्य उलटा गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादासाहेब, एवढीशी असताना गायीनं लाथ मारली तेव्हा ही पोरगी रडली नव्हती. मी शब्द दिला. पण शब्द देणं आणि तोंड बंद ठेवणं या दोन भिन्न यंत्रणा आहेत.

पाहुणे दुपारी यायचे होते. सकाळ मोकळी होती, म्हणून युवराजचं कडियाळं तपासायला घेतलं. गोठ्याच्या ओट्यावर बसलो, पट्टा डोक्यावरून घेतला, दांडी तोंडात घातली, आकडा पकडीनं मिटवला, आणि रतनच्या हातात वाद्या देऊन खुणेनं सांगितलं, हळू ओढ. तिनं ओढल्या. मी मागं सरकलो. तिनं सोडल्या. मी थांबलो. तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला हळदीचा दिवस आठवला. तिनं परत ओढल्या, म्हणजे मी सांगितलं नव्हतं तरी. मी परत मागं सरकलो. ती म्हणाली, "आवो, हे तर लईच भारी हाय!" आणि तेवढ्यात अंगणात गाडीचा हॉर्न वाजला.

पाहुणे. लवकर. दत्तोबांना म्हणे सगळीकडं आधी पोचायची सवय आहे. (चांगली सवय आहे, पण कळवावं.)

मी हातवारे करून पक्कड मागितली. पक्कड ओट्यावर नव्हती. आत्ता मीच वापरलेली पक्कड! मोटारीच्या पेटीपाशी नाही, खतांच्या पोत्यांमागं नाही, हरणीच्या गव्हाणीत नाही. प्रगती नटूनथटून आली होती, ती धावत मागच्या बाजूला गेली, आणि थोड्या वेळानं ओढणी सारखी करत रिकाम्या हातानं परत आली. म्हणाली, "कुठंच न्हाय." आता तुमच्या मनात येईल, डोक्यावरचा पट्टा काढायचा. काढून उपयोग नाही, हनुवटीखालची साखळी दांडी सोडत नाही. वाद्या सोडायच्या, तर त्यांना मीच रिव्हेट मारलेले. वाद्या कापायचा विचार रतननं बोलून दाखवला, तो मी नुसत्या डोळ्यांनी फेटाळला. नवंकोरं कातडं होतं.

त्या प्रसंगी तुमच्या बहिणीनं जी तडफ दाखवली तिची नोंद व्हावी. तिनं क्षणात फेटा आणून पट्ट्यावरून बांधला. बाजूच्या दांड्या, साखळी आणि तोंड यांवरून मोठा टॉवेल गुंडाळून वर गाठ मारली. वाद्या मानेमागून सदऱ्यात सोडल्या आणि खालून बाहेर काढल्या. बैठकीतली खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवून मला तिच्यात बसवलं आणि वाद्यांची टोकं गजांमधून आत घेतली. मग दारात जाऊन पाहुण्यांना म्हणाली, "या या! ह्यांची दाढ काढलीया सकाळी. डॉक्टर म्हणलाय, अजाबात बोलायचं न्हाय." आणि आत जाऊन उभी राहिली. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात मी.

दत्तोबा आले, त्यांच्या पत्नी सिंधुबाई आल्या, मागून मुलगा अविराज. मुलगा दिसायला नीट आहे, चपला नीट जोडीनं काढल्या, डावी डावीकडं आणि उजवी उजवीकडं. (हे मी पहिल्या दोन स्थळांतही बघितलं होतं. दोन्हीकडं नापास.) मी हात जोडले. दत्तोबा समोर बसले आणि सुरू झाले. दादासाहेब, तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत की हा माणूस माझ्यासारखाच आहे? फक्त त्याची माहिती चुकीची असते! आल्या आल्या म्हणाले, सणसरच्या उसाला साखर कमी, कारण इथलं पाणी उताराचं. मी खुर्चीत पुढं आलो. खिडकीतून हलकीशी ओढ आली. हनुवटीखाली साखळी बसली, जिभेवर दांडी, कानामागं पट्टा, सगळं वर वर्णन केल्याप्रमाणं. मी मागं टेकलो. ओढ लगेच सुटली.

मग म्हणाले, डाळिंबाला देशी गाईचं ताक पाजलं की तेल्या रोग येत नाही. पुढं. ओढ. मागं. सुटली. मग म्हणाले, उजनीचं पाणी मुळात समुद्राला जोडलेलं आहे, आतून. हे ऐकल्यावर मी अर्धा उठलो, तर ओढ अशी आली की फेट्यासकट मान छताकडं गेली. सिंधुबाई कळवळून म्हणाल्या, "बाई बाई, किती दुखतंय बघा त्यास्नी! डोळ्यांत पाणी आलं." पाणी आलं होतं, पण दाढेसाठी नव्हे. भूगोलासाठी.

याच सुमारास मला फेस यायला लागला. हे चांगलं लक्षण आहे हे आपल्या माहितीसाठी नमूद करतो. घोड्यानं कडियाळं मनापासून स्वीकारलं की तो जीभ चाळवतो, तोंड ओलं होतं आणि ओठांवर पांढरा फेस येतो. कोरड्या तोंडाचा घोडा रागावलेला समजावा. माझा टॉवेल भिजून गळ्यापर्यंत ओला झाला, म्हणजे शास्त्रानुसार मी त्या वेळी समाधानी होतो. चहा आला तो मला नुसता हातात धरता आला. प्रगती पोहे घेऊन आली, सिंधुबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं, तिच्या रोपवाटिकेतल्या कामाबद्दल विचारलं, आणि ती नीट, मोजकं, खालच्या पट्टीत बोलत होती. मी पहिल्यांदाच तिला सलग चार वाक्यं बोलताना ऐकलं. एरवी दुसऱ्या वाक्याला मी असतो.

आणि मग, दादासाहेब, दत्तोबांची नजर दारातून गोठ्याकडं गेली.

म्हणाले, "घोडी हाय व्हय? काठेवाडी दिसतीया." (याबद्दल ता. क. मध्ये.) "आवो, घोड्याला लगाम कसला बी घाला, काय फरक पडत न्हाय. जोर मनगटात पायजे. आन् खरं विचाराल तर काटेरीच बेस्ट. जिभेला टोचलं की जनावर ऐकतं. आमच्या गावात वरातीच्या घोड्याला..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. कानात नुसता आवाज भरला. माझ्या डोळ्यांसमोर हरणीची जीभ आली. मी उभा राहिलो. शब्द दिला होता हे आठवत होतं, आणि उभा राहिलो हेही खरं. टॉवेलच्या गाठीला हात घातला. ठरवलं, टॉवेल सोडायचा, दांड्या, साखळी, सगळं दाखवायचं आणि सांगायचं, बघा, ह्याला म्हणतात लगाम, ह्यानं जनावर ऐकतं, आणि तुमचं काटेरी माझ्या विहिरीत धोंड्याखाली पडलंय. स्थळ जाईल तर जाईल. मागून ओढ आली नाही. मी थांबलो, वाट बघितली, तरी आली नाही. वाद्या सैल होत्या. मान वळवून बघितलं तर गजांमागं रतन माझ्याकडं बघत होती, आणि हात तिनं खाली सोडला होता. तुमची बहीण मला पहिल्यांदा म्हणत होती, जा, बोला.

पण बोलली प्रगती. हातातली ताटली खाली ठेवून, शांतपणे. म्हणाली, "मामा, हरणीच्या तोंडात आधी काटेरीच हुतं. तिच्या जिभेवर अजून वळ हायेत, चला, दाखवते. काट्यानं जनावर ऐकत न्हाय, भितं. घोड्याला ओढल्यानं कळत न्हाय, सोडल्यानं कळतं. त्यानं बरोबर केलं की त्या क्षणाला हात ढिला सोडायचा. बास, एवढंच शिकवणं." सहा वाक्यांत! जे सांगायला मला दुपार लागते आणि ऐकणारे सगळे पाणी प्यायला निघून जातात, ते या पोरीनं सगळं, एक शब्द न चुकता, सांगितलं. मी आजवर समजत होतो की मी बोलत असताना ती कानात मोबाईलची गाणी लावून बसते.

अविराज हळूच म्हणाला, "बरोबर हाय, अण्णा." दत्तोबा त्याच्याकडं बघायला लागले, मग तिच्याकडं, आणि मला वाटलं, गेलं हे तिसरंही. मग मांडीवर थाप मारून हसले. "च्यायला, पोरगी हुशार हाय! कुणी शिकवलं गं तुला हे?"

"आबांनी."

"आन् ते तर बोलतबी न्हाईत!"

"त्यांना बोलायची गरज लागत न्हाय," प्रगती म्हणाली, आणि आत स्वयंपाकघरात काहीतरी मोठ्यानं खाली पडलं. नंतर कळलं की उलथनं होतं.

मी खाली बसलो. दादासाहेब, तेव्हा तोंडात कडियाळं नसतं तरी माझ्याच्यानं बोलवलं नसतं. सगळे गोठ्याकडं गेले, हरणीनं जीभ दाखवली (तोंड कसं उघडायचं ते प्रगतीनं बरोबर केलं, मोकळ्या हिरडीवर अंगठा ठेवून), आणि दत्तोबा बराच वेळ त्या वळांकडं बघत उभे राहिले. परत येऊन माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "आसा ऐकून घेणारा व्याही पायजे. आमच्या घरात मीच बोलतो, दुसरा बोलणारा आला तर जमायचं न्हाय." सिंधुबाईंनी प्रगतीच्या ओटीत नारळ घातला. पसंती झाली. येत्या रविवारी सुपारी फोडायची आहे. (आता तुम्ही थेट इथं उडी मारली असेल तर परत वर जा. काटेरीचा भाग तरी वाचा.)

गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्याबरोबर रतननं पक्कड आणून दिली. म्हणाली, खिडकीच्या कट्ट्यावरच होती. मी तो कट्टा स्वतः दोनदा बघितला होता. पण त्या दिवशी मी कशालाच आक्षेप घेतला नाही.

युवराजचं कडियाळं मी परत दिलं. हरणीला दोन जोडांचं, चपट्या मण्याचं ठेवलं आहे. आणि आता वाद्या धरताना मी रतनचा हात आठवतो. तिनं मला दुखवलं नाही. मी बरोबर वागलो की त्या क्षणी सोडलं. इतकी वर्षं संसार करून तिचा हात इतका हलका आहे हे मला लोखंड तोंडात घालून कळलं. हे तिला सांगू नका. तसं मीही सांगणार नाही, जीभ बरी झाली तरी.

सुपारीला तुम्ही आणि वहिनी नक्की या. तुमच्या पायासाठी वेगळी खुर्ची आणि तिच्यापुढं एक उशी ठेवतो.

तुमचा नम्र आणि तूर्त अबोल,
झुंबर

ता. क. गैरसमज नसावा. कडियाळं मी मनात आणलं असतं तर केव्हाही काढू शकलो असतो. प्रयोग अर्ध्यात सोडणं योग्य वाटलं नाही, एवढंच.

ता. क. २. आता मूळ काम. दत्तोबा हरणीला काठेवाडी म्हणाले. ते तसंच राहिलं आहे आणि मला झोप येत नाही. काठेवाडीचे कान आत वळून टोकं एकमेकांना टेकतात, हरणीचे कान सरळ आहेत. ती भीमथडी आहे, आपल्या भीमा-नीरेच्या काठची, उंचीला कमी आणि कामाला जास्त. सुपारीच्या दिवशी मला अबोल राहणं भाग आहे. तेव्हा मध्यस्थ या नात्यानं, सुपारी फुटायच्या आत, हे तुम्ही त्यांच्या कानावर घालावं. माझं नाव घेऊ नये. सोबत कानांची दोन चित्रं काढून जोडली आहेत. उजनी समुद्राला जोडलेली नाही हेही जाता जाता सांगता आलं तर उत्तम, पण मुख्य कान.

ता. क. ३. पाकीट चिकटवायला रतनकडं दिलं आहे. डिंक जास्त लागला असल्यास तिच्याकडून लागला असं समजावं.

दादा, मी रतन लिहिते. ह्यांचं कान-बिन काही सांगू नका पावण्यांना. पक्कड त्या दिवशी हॉर्न वाजल्यापासून माझ्याच कमरेला खोचलेली हुती. ओट्यावरनं मी उचलली आन् मागच्या दारी प्रगतीनं माझ्या पदराखाली नीट झाकून दिली. ते लांब दांड्यांचं ह्यांनी युवराजला परत दिलंय. तुमच्या गावातनं कुणी अकलूजला जाणार आसंल तर रविवारच्या आत तसलंच एक आणायला सांगा. पण दांडी गुळगुळीत बघा म्हणावं, ह्यांची जीभ अजून दुखती. गूळ मी लावीन.